तेल लावायचं ते पुसायला

सादाझो निशिनेने शहात्तराव्या वर्षी नवी रायफल घेतली, तेव्हा निनोसावातल्या लोकांना हसायला एक निमित्त मिळालं. आमच्या गावात हसण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही. शाळा बंद झाली, बस आली तर आली, आणि हिवाळ्यात छपरांवरचा बर्फ ओढायला माणसं कमी आणि छपरं जास्त अशी गत. त्यात हा म्हातारा आकिता शहरात जाऊन, दुकानदाराशी जराही घासाघीस न करता, कोरी करकरीत रायफल घेऊन आला.

"या वयात लोक थडग्याचा दगड बघून ठेवतात," कानेमात्सु म्हणाला. "यानं रायफल बघितली."

"दगड कधीच घेऊन ठेवलाय," सादाझो म्हणाला. "पण त्याला तेल लावावं लागत नाही. करमत नव्हतं."

मी बुन्जी. गावात घरोघरी रॉकेल पोचवतो आणि सादाझोच्या हाताखाली अस्वलाच्या शिकारीला जातो. जात होतो, असं म्हणायला हवं. पूर्वी आमच्या गावातल्या प्रत्येक घरचा एक तरी माणूस या टोळीत असायचा. शेवटी चौघं उरलो. म्होरक्या सादाझो, मी, भातगिरणीवाला कानेमात्सु, आणि शिगेओ. शिगेओला आम्ही सगळे पोरगा म्हणतो. पोरग्याला दोन नातवंडं आहेत.

आमच्याकडे म्होरक्याशिवाय डोंगर चढायचा नाही असा नियम आहे. म्होरक्या समोरच्या उतारावर उभा राहतो, वारा बघतो, अस्वल कुठून निघेल ते ठरवतो, कोणी ओरडायचं आणि कोणी दगडासारखं बसायचं ते सांगतो. हे काम नुसतं डोळ्यांचं नाही, डोक्याचं आहे. आणि सादाझोनंतर ते करील असं आमच्यात कोणी नव्हतं. हे मी स्वतःला धरून बोलतोय. म्हणजे सादाझो थांबला की निनोसावाची शिकार थांबली, इतका साधा हिशेब होता, आणि तो चौघांनाही ठाऊक होता.

बोल्टबद्दल थोडं सांगतो, कारण सादाझो म्हणजे बोल्ट. रायफलीच्या पाठीत जो पोलादी दांडा मागेपुढे सरकतो तो बोल्ट. तोच काडतूस आत ढकलतो, आणि त्याच्या पोटातली पिन काडतुसाच्या बुडावर ठोका मारते. तो काढून घेतला की रायफल म्हणजे नुसती महागडी काठी. बहुतेक शिकारी नळीचं कौतुक करतात, लाकडी दस्त्यावरून हात फिरवतात. सादाझो म्हणायचा, "नळी म्हणजे नवरा. मिरवायला. घर बोल्ट चालवतो." हे वाक्य त्याची बायको तोमेवहिनी ऐकत असताना तो जरा मोठ्यानं म्हणायचा.

दर वर्षी वसंतातल्या शिकारीआधी, बर्फाचा वरचा थर कडक व्हायला लागला की, त्याच्या ओसरीवर बोल्टांची तपासणी असे. जमिनीवर जुनं वर्तमानपत्र. जो तो आपापला बोल्ट त्यावर मांडायचा आणि मागे आपल्या आसनावर गुडघे दुमडून बसायचा. एकाच्या बंदुकीला दुसऱ्यानं हात लावायचा नाही, घरच्या बायकोनंसुद्धा नाही, असा आमचा कायदा आहे. सादाझो कायद्याला भारी मानायचा. तो हात पाठीमागे बांधून ओळीनं जायचा, प्रत्येक बोल्टवर वाकायचा आणि हुंगायचा.

"मागच्या हंगामाचं तेल. बुन, तू अंघोळ तरी करतोस का वर्षातून?"

"कानेमात्सु, याच्या खाचेत भाताचा कोंडा आहे. गिरणीत नेलास ना? नेलासच."

तेलाबद्दल त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं, आणि ते आमच्यातल्या प्रत्येकाला आईच्या शिव्यांसारखं पाठ होतं. "तेल लावायचं ते पुसायला." पहाटेच्या गारठ्यात जास्तीचं तेल घट्ट होतं, पिन त्यात रुतते, ठोका हलका पडतो आणि बार उडत नाही. म्हणून लावायचं थेंबभर आणि लावलं की लगेच पुसून काढायचं. बोटाला कळेल, डोळ्याला दिसणार नाही, एवढंच मागे राहिलं पाहिजे. बोल्ट नीट नसेल तर त्याची शिक्षाही ठरलेली होती. "हा माणूस या वसंतात घरी बसेल." त्यावर दाद ना फिर्याद. कानेमात्सु एकदा असा घरी बसला होता, आणि त्या साली तो गावात ज्याच्या त्याच्याशी भांडला. म्होरक्याचा स्वतःचा बोल्ट मात्र सगळ्यात शेवटी, आणि तो टोळीतल्या लहानानं हुंगायचा अशी रीत. पोरगा दर वर्षी वाकून हुंगायचा आणि म्हणायचा, "काहीच वास नाही, ओयाजी." सादाझोला आम्ही सगळे ओयाजीच म्हणायचो, म्हणजे म्हाताऱ्या बापाला म्हणतात तसं.

तर त्या जानेवारीत त्याच्या जुन्या रायफलीनं दगा दिला. अस्वल बिळातून निघून सरळ त्याच्या समोर आलं होतं. आम्ही खालून बघत होतो. त्यानं नेम धरला, चाप ओढला, आणि टिक् असा कोरडा आवाज आला. अस्वलानं मान वर केली, कोणी हाक मारल्यासारखं इकडेतिकडे बघितलं आणि डोंगराच्या धारेपलीकडे निघून गेलं. सादाझोच्या हातून असं कधी झालं नव्हतं. खाली उतरल्यावर तो एवढंच म्हणाला, "रायफल म्हातारी झाली." आम्ही मान डोलावली. डोंगरावर म्होरक्याचा बोल्ट हुंगायची रीत नाही, म्हणून कोणी हुंगला नाही.

नवी रायफल आली ती अशी.

ती आली त्या दुपारी मी रॉकेल द्यायला गेलो, तर तो ओसरीवर सगळं मांडून बसलेला. कागद, चिंध्या, बांबूच्या बारीक काड्या, कापूस, आणि तेलाचा छोटा डबा. "वेळेवर आलास," म्हणाला. "वाटीभर ओत इकडे. कारखान्यातनं येताना यांना ग्रीसमध्ये लोळवतात. समुद्रावरनं जाताना गंजू नये म्हणून. दुकानदार म्हणाला, असंच वापरा. मी म्हटलं, तू वापर."

त्यानं बोल्ट मागे ओढून काढला. मागचं टोपण फिरवलं, आतली पिन आणि स्प्रिंग अलगद बाहेर घेतली. पिनेवर पिवळट ग्रीस होतं, थंड चरबीसारखं. एकेक भाग त्यानं रॉकेलात बुडवला, घासला, पुन्हा बुडवला. बोल्टच्या तोंडाशी जे दोन कान असतात, ज्यांच्यावर सगळा धक्का पेलला जातो, ते उजेडात धरून फिरवून फिरवून बघितले. कुठे चरा, कुठे कातरा आहे का. काडतुसाला धरणारं नख बोटानं दाबून सोडलं. पिनेचं टोक स्वतःच्या अंगठ्याच्या पोटावर टेकवलं आणि समाधानानं हुं केलं. मग सगळं वाळवून, काडीला कापूस गुंडाळून, त्या कापसाला तेलाचा एक थेंब. फिरवला. लगेच कोरड्या चिंधीनं पुसला. कानांवर तेवढं तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस. पुन्हा जोडलं, सरकवलं, आणि आवाज असा आला की कानेमात्सुसुद्धा गप्प बसला असता.

"कशी आहे सून?" त्यानं विचारलं.

"सून?"

"जुनी बायको गेली, ही नवी म्हणता येत नाही. तोमे ऐकेल. म्हणून सून."

मी हसलो. आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. त्याचा हात जराही कापत नव्हता. आता पुढची काही वर्षं काळजी नाही, असं मनात म्हणत मी उरलेलं रॉकेल ओतलं आणि घरी गेलो.

पुढच्या खेपेला गेलो, तर सादाझो ओसरीवर. कागद, चिंध्या, काड्या, कापूस.

"बुन, वेळेवर आलास. वाटीभर ओत इकडे. आज पहिल्यांदाच उघडतोय हिला. कारखान्यातनं येताना यांना ग्रीसमध्ये लोळवतात."

मला वाटलं, चेष्टा करतोय. मग त्यानं बोल्ट काढला, आणि त्याच्या टोकाहून तेल टपकलं. कागदावर डाग पडला. पिनेभोवती, स्प्रिंगच्या वेढ्यांत, सगळीकडे तेल. त्यानं किती वेळा, किती दिवस लावलं होतं देव जाणे. तो म्हणाला, "बघ, किती थापतात हे लोक," आणि धुवायला लागला. हात तसाच, न कापणारा. नख दाबून बघितलं. पिन अंगठ्यावर टेकवली. मग त्यानं विचारलं, "कशी आहे सून?"

मी म्हटलं, "सून?"

त्यानं तोच विनोद केला, त्याच जागी, आणि मी हसलो. दुसरं काय करणार होतो? आत तोमेवहिनी भांडी घासत होती, आणि हातातलं भांडं केव्हाच स्वच्छ झालं होतं तरी घासत होती.

जुनी रायफल म्हातारी झाली नव्हती, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं. पण कळून उपयोग काय? ती भंगारात गेली होती.

मग एका सकाळी तोमेवहिनीचा फोन आला. "बुन्जी, जरा येऊन जा. हे बाहेर गेलेत. आणि ते... ती वस्तू लोणच्यात आहे."

आमच्याकडे बोल्ट रायफलीच्या कपाटात ठेवत नाहीत, वेगळ्या ठिकाणी लपवतात. पोलिसांचंच सांगणं तसं असतं. सादाझोची जागा कोणाला ठाऊक नव्हती, आणि आता त्यालाही ठाऊक राहिली नव्हती. मी गेलो तर परसातल्या कोठीत, धुरी दिलेल्या मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपाच्या झाकणावर, तो नवा बोल्ट उघडाच पडलेला. तोमेवहिनीनं त्याला हात लावला नव्हता. कायद्याचं भय नवऱ्यानं तिच्यात इतकं मुरवलं होतं की तिनं त्यावर भाताचा वाडगा पालथा घातला होता आणि शेजारी उभी राहून राखण करत होती.

"तू उचल," ती म्हणाली.

"मलाही हात लावता येत नाही, वहिनी."

"मग काय करायचं? इथंच हे आणि मी असंच उभं राहायचं?"

राहिलोच. त्या गारठ्यात, लोणच्याच्या वासात, वाडग्याच्या दोन्ही बाजूंना. तिथेच तिनं सगळं सांगितलं. तेल ते रोज लावतात. सकाळी लावतात, दुपारी लावतात. सांगितलं तर चिडतात. परवा जेवताना ताट पुढे करून म्हणाले, गवताचं बी वाढ.

गवताचं बी म्हणजे भात, पण तो डोंगरावरचा शब्द आहे. डोंगरावर आम्ही गावातले शब्द बोलत नाही, आणि डोंगरावरचे शब्द गावात, तेही बाईमाणसासमोर, कधीच काढत नाही. डोंगराची देवी मत्सरी आहे. ती दिसायला कुरूप म्हणून आम्ही तिला आपल्याहून कुरूप असा वाळका मासा दाखवून खूश करतो, आणि बायकोचं नाव वर काढत नाही. सादाझो तर याबाबतीत इतका कडक की एकदा पोरग्याच्या तोंडून वर 'भात' निघाला, तर त्यानं त्याला ओढ्याच्या बर्फगार पाण्यानं अंघोळ घातली होती.

"मला वाटलं, जनावरांना काही घालायचं म्हणतायत," तोमेवहिनी म्हणाली. "मी म्हटलं, कसलं बी? तर माझ्याकडे असं बघायला लागले की जणू मीच परकी आहे."

"गेल्या साली बंदुकीच्या परवान्याला डोक्याची परीक्षा दिली ना त्यांनी? पास झाले ना?"

"झाले. चित्रं लक्षात ठेवायची होती. घरी येऊन मला सगळी म्हणून दाखवली. हत्ती, पियानो, टाय." तिनं वाडग्याकडे बघितलं. "ते गेल्या साली, बुन्जी."

सादाझो फाटकातून आत आला. आम्हाला कोठीत बघून म्हणाला, "माझी बायको पळवायची असेल तर निदान लोणचं तरी सोडून जा." मग त्यानं वाडगा उचलला, बोल्ट बघितला, आणि त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. "हां," म्हणाला, "मीच ठेवला होता. चोराला इथे सुचणार नाही." आम्ही दोघांनी हो म्हटलं.

कानेमात्सुला आणि पोरग्याला मी सांगितलं. सांगायचं टाळण्यासारखं राहिलं नव्हतं. शेवटी कानेमात्सु म्हणाला, "एवढा एक वसंत काढू. चाप ओढायचं काम बाकीच्यांनी करायचं. त्यांनी नुसतं समोर उभं राहून सांगायचं. डोंगर तर विसरले नाहीत ना?" डोंगर तो विसरला नव्हता. कुठल्या साली कुठल्या झाडाच्या ढोलीत अस्वल होतं ते तो झोपेतून उठवला तरी सांगायचा. म्हणून आम्ही त्या एका वसंताला चिकटून राहिलो. प्रश्न होता तो फक्त बोल्टांच्या तपासणीचा. त्याचा बोल्ट पोरग्यानं हुंगायचा होता, आणि पोरगा खोटं बोलायला तयार झाला होता. तरी तेल असं टपकत असलं तर कोणाच्याही डोळ्यांना दिसणारच. म्हणून तोमेवहिनीनं तेलाचा डबा लपवला. दुसरं काही करणं तिच्या हातात नव्हतं, बोल्टला तर ती हात लावू शकत नव्हती.

तपासणीच्या दिवशी ऊन होतं. छपरांवरून पाणी गळत होतं, आणि बर्फातून रानभाजीच्या कडू हिरव्या कळ्या वर आल्या होत्या. तोमेवहिनी आत त्यांची भजी तळत होती. दर वर्षीसारखंच सगळं. सादाझोनं सर्वांत आधी आपला बोल्ट दाराजवळच्या टोकाला मांडला आणि त्यामागे आपलं निळं, फिकं पडलेलं आसन टाकलं. मग आम्ही मांडले. तो थोडा वेळ आमच्याशी हवेबद्दल बोलला, पलीकडच्या गावातल्या लोकांना हसला. ते रानभाज्या वेचायला जाताना कमरेला अस्वलघंटा बांधतात. "अस्वल पळावं म्हणून वाजवतात म्हणे. मी अस्वल असतो तर मुद्दाम बघायला आलो असतो, कोण कीर्तन करतंय." आम्ही डोंगर चढताना अंगावरची खुळखुळणारी प्रत्येक वस्तू कापूस कोंबून मुकी करतो, त्यामुळे घंटांचा विषय निघाला की आम्ही हसतोच. त्या दिवशी जरा जास्तच हसलो.

मग तो उठला, हात पाठीमागे बांधले, आणि पलीकडच्या टोकापासून सुरुवात केली.

पोरग्याच्या बोल्टवर वाकला. "ठीक." कानेमात्सुच्या. "कोंडा नाही. गिरणी विकलीस की काय?" माझ्या बोल्टवर जरा जास्त वेळ नाक ठेवलं. "बुन, या वर्षी अंघोळ केलेली दिसते." आम्ही तिघांनी श्वास सोडला. इथे तो थांबायला हवा होता, आपल्या आसनावर बसायला हवा होता, आणि पोरग्यानं उठायला हवं होतं.

तो थांबला नाही. आणखी एक पाऊल पुढे गेला आणि चौथ्या बोल्टवर वाकला.

जुना बोल्ट असता तर त्यानं तो अंधारात नुसत्या बोटानं ओळखला असता. हा नवा होता.

त्यानं हुंगलं. तोंड वाकडं केलं. पुन्हा हुंगलं. "हे काय आहे?" तो म्हणाला. "हे बंदुकीचं तेल नाही. हे तळणीचं तेल आहे."

आत कढईत भजी तळली जात होती आणि तोच वास घरभर होता, त्यामुळे क्षणभर मला वाटलं, देवीनं वाचवलं. पण त्याचं नाक तसं फसणारं नव्हतं. तो गुडघ्यांवर टेकून अगदी जवळ गेला. तेल बोल्टच्या खाचांतून कागदावर उतरलं होतं आणि काठाकाठानं वाळून पिवळं, चिकट झालं होतं. डबा सापडला नाही तेव्हा तो स्वयंपाकघरात गेला असणार. बाटली चुलीजवळच असते. तोमेवहिनी दारात आली होती. तिच्या हातात भज्यांचं ताट होतं आणि ते ती कुठे ठेवत नव्हती.

"हे वाळलं की डिंक होतं," सादाझो म्हणाला. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. तो असा खाली गेला की आम्ही सगळे घाबरायचो. "पिन जागची हलणार नाही. हा माणूस आज ना उद्या कोणाचा तरी जीव घेईल. डोंगरावर याच्या शेजारी मी कोणाला उभं करू? तेल लावायचं ते पुसायला, हे किती वर्षं सांगतोय मी. हा माणूस या वसंतात घरी बसेल. कोणाचा आहे हा?"

आत कढईतलं तेल तडतडत राहिलं.

"कोणाचा आहे, विचारतोय."

माझा आहे, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण माझा बोल्ट माझ्या पुढ्यात पडला होता. पोरगा आपल्या गुडघ्यांकडे बघत होता. कानेमात्सुनं डोळे मिटले होते. सादाझोनं आमच्याकडे बघितलं, मग बोल्टांकडे, आणि एकेका बोल्टमागचा माणूस नजरेनं जुळवत तो आमच्या ओळीवरून सरकत आला. चौथ्या बोल्टमागे नुसतं आसन होतं. निळं, फिकं पडलेलं, एका कोपऱ्याला तोमेवहिनीनं ठिगळ लावलेलं.

तो त्या आसनाकडे बघत राहिला. मग उठून गेला आणि गुडघे दुमडून त्यावर बसला, आम्ही बसतो तसा, शिकाऊ माणसासारखा, हात मांड्यांवर ठेवून. छपरावरून बर्फाचा एक मोठा तुकडा घसरून धप्पकन खाली पडला. कोणी दचकलंही नाही.

"बरं," तो म्हणाला. "शिक्षा सांगून झालीय."

"ओयाजी," कानेमात्सु म्हणाला, "तेल धुऊन टाकू. काही बिघडलेलं नाही. बुनकडे रॉकेल आहे."

"तेल धुता येईल." त्यानं मला वाटी पुढे केली. "ओत."

त्यानं बोल्ट उघडला, सगळं धुतलं, घासलं, वाळवलं. आम्ही बघत बसलो. तोमेवहिनीनं लपवलेला डबा आणून त्याच्याजवळ ठेवला, आणि त्यानं तो कुठे होता हे विचारलं नाही. एक थेंब. फिरवला. पुसला. त्या दिवशी ओसरीवर त्याच्याइतका स्वच्छ बोल्ट दुसऱ्या कोणाचा नव्हता. मग तो पोरग्याकडे वळला. "हुंग."

पोरग्यानं वाकून हुंगलं. "काहीच वास नाही, ओयाजी."

"बुन, तुझी गाडी काढ," सादाझो म्हणाला. "पोलीस चौकीत जाऊ. रायफल आणि परवाना देऊन येऊ."

"एवढी घाई काय आहे? उद्या जाऊ. आठवडाभर विचार करा."

"उद्या मला हे आठवणार नाही," तो म्हणाला. "उद्या तू न्यायला आलास तर मी तुझ्याशी भांडेन. आत्ता चल, आत्ता मला कळतंय."

मी गाडी काढली. वाटेत तो रायफल मांडीवर घेऊन बसला होता आणि डोंगराकडे बघत होता. चौकीतल्या पोरानं विचारलं, अगदी नवीच आहे, हिनं काही मारलं का? सादाझो म्हणाला, नाही, ही अजून वर गेलीच नाही. परतताना गाडी वळणावर आली तेव्हा त्यानं आपल्या रिकाम्या मांडीकडे बघितलं आणि मला विचारलं, "बुन, आपण माझी रायफल चौकीत विसरलो का?"

त्या वसंतात आम्ही वर गेलो नाही. पुढच्याही नाही. गिरणीमागच्या ओढ्यापर्यंत अस्वलं येऊ लागली, तेव्हा तालुक्याच्या कचेरीनं लोखंडी पिंजरा आणून ठेवला. त्यात मध ठेवतात. अस्वल आत जातं, दार पडतं, आणि मग बाहेरगावचा कोणीतरी येऊन जाळीतून गोळी घालतो. कानेमात्सुनं आपली बंदूक विकली. पोरग्याची कपाटात आहे, पण तो तिच्याबद्दल बोलत नाही. टोळी मोडली असं कोणी जाहीर केलं नाही. जाहीर करायलाही म्होरक्या लागतो.

सादाझो बोल्ट विचारायचा. सुरुवातीला तोमेवहिनी खरं सांगायची, की तुम्हीच देऊन आलात. दर वेळी त्याला ते पहिल्यांदाच कळायचं. दर वेळी तो तसाच गुडघे दुमडून बसायचा, हात मांड्यांवर ठेवून. मग तिनं खरं सांगणं सोडलं. आता ती म्हणते, बुन्जीकडे तपासायला दिलाय. मी रॉकेल घेऊन गेलो की तो मला विचारतो, "कसा आहे?" मी म्हणतो, "काहीच वास नाही, ओयाजी." त्याला ते आवडतं.

हाताला चाळा हवा म्हणून तो दारांना तेल घालू लागला. परसदाराचा सरकता दरवाजा इतकी वर्षं किंचाळायचा, त्याची खोबण त्यानं इतकी गुळगुळीत केली की तो उघडल्याचं कोणाला कळेना. एका सकाळी तो बर्फात डोंगराच्या पायथ्याशी सापडला, अनवाणी, वारा बघत उभा. मी आणि पोरग्यानं त्याला पाठीवर घेऊन आणलं. म्हणून तोमेवहिनीनं पलीकडच्या गावातल्या दुकानातून अस्वलघंटा आणली आणि त्याच्या कमरेला बांधली. घरात तो हलला की ती वाजते, आणि वहिनीला चुलीपासून उठावं लागत नाही.

परवा गेलो तर तो समोरून चालत आला आणि घंटा वाजली नाही. तोमेवहिनीनं हातानंच खूण केली. त्यानं घंटेत कापूस कोंबला होता, काडीनं, नीट, घट्ट, वर जाताना आम्ही कोंबायचो तसा. ती रोज सकाळी तो काढते, आणि दुपारपर्यंत त्यानं तो परत घातलेला असतो.